पंडिता रमाबाई आणि बार्तीमी सदन

आपल्यापैकी जे काशीस जाऊन आले असतील त्यांनी मणिकर्णिका व शिंदे घाट ओलांडल्यावर लागणारा संकठा घाट पाहिला असेल. संकटे निवारणारी म्हणून पुजल्या जाणाऱ्या संकठा देवीच्या देवळावरून त्याला हे नाव पडले. मराठी माणसाला हा घाट परका नाही. नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित यांच्या विधवा पत्नी गहनाबाई यांनी एकोणिसाव्या शतकात तो पक्का बांधून घेतला, आणि जवळच खुद्द भोसल्यांचाही घाट आहे. अशा घाटांच्या पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दोन प्रकारची माणसे बसत आली. एक पुराणिक, पुढ्यात पोथी उघडून श्लोक म्हणणारा. दुसरा अंध भिकारी, पुढ्यात फडके पसरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांचा कानोसा घेणारा. एकाला दक्षिणा मिळे, दुसऱ्याला भिक्षा. दोघांचेही पोट यात्रेकरूच्या पुण्य जोडण्याच्या इच्छेवर अवलंबून असे.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जन्मभर पहिल्या प्रकारचे होते, आणि वार्धक्यात त्यांचे डोळे गेले.

रमाबाईंचे चरित्र आपल्याला नवे नाही. त्यांचे संस्कृत पांडित्य, कलकत्त्यात मिळालेल्या पदव्या, विधवांसाठी काढलेले शारदासदन, मुक्ती मिशन, पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हे सारे आपल्या उपासनामंदिरांतून आणि रविवारच्या शाळांतून अनेकदा सांगितले गेले आहे. परंतु केडगावच्या आवारात त्यांनी अंध स्त्रियांसाठी जे घर उघडले, त्याची आठवण चरित्रकारांनी बहुधा एखाद्या ओळीत उरकली आहे. मला तर असे वाटते की रमाबाईंचे अंतःकरण समजून घ्यावयाचे तर त्याच दाराने आत शिरावे.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे रमाबाईंचा जन्म झाला. अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले होते, आणि त्या काळच्या शास्त्री मंडळींचा रोष त्यासाठी पत्करला होता. आलेल्या-गेलेल्याचा पाहुणचार करता करता कर्ज झाले, घर सुटले, आणि सहा महिन्यांच्या रमेला टोपलीत घालून हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. ते पुढे स्थिर असे कधी झालेच नाही. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसावे, पुराण वाचावे, श्रोत्यांनी वाहिलेले तांदूळ, फळे, पैसे यांवर गुजराण करावी, उरले ते दानधर्मात द्यावे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. वडील थकल्यावर मुलीचे शिक्षण आईने हाती घेतले. हे शिक्षण मुख्यतः कानांनी घेतलेले होते. आईने म्हणावे, मुलीने ऐकावे, पुन्हा म्हणावे, पाठ करावे. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंच्या जिभेवर होते ते असे.

या शिक्षणात एक मोठी उणीव होती आणि ती रमाबाईंनी पुढे स्वतःच स्पष्टपणे लिहून ठेवली. पोथीबाहेरचे काहीच त्या मुलांना शिकविले गेले नव्हते. हाताला कोणतेही काम ठाऊक नव्हते. अंगमेहनत करणे जातीच्या अभिमानात बसत नव्हते, आणि भीक मागणे त्या अभिमानाला त्याहून जड जात होते.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि ही उणीव त्या कुटुंबाच्या जिवावर आली. पुराण ऐकावयास माणसे येईनात. पैसे संपले, दागिने विकले, भांडीकुंडी गेली. शास्त्रीबुवा म्हातारे, अशक्त आणि आंधळे. अखेरीस सगळ्यांनी मिळून तिरुपतीच्या बाजूच्या रानात जाऊन मरण पत्करावे असे ठरविले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्यावर वडिलांनी एका पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. पहिल्याने ते स्वतः जाणार होते, म्हणून त्यांनी एकेकाचा निरोप घेतला. धाकटी रमा सर्वांत शेवटी. वाचकहो, या प्रसंगाचे वर्णन रमाबाईंनी आपल्या साक्षीत केले आहे. त्या आंधळ्या डोळ्यांना मुलीचा चेहरा दिसत नव्हता. म्हणून त्यांनी तिला घट्ट कवटाळले, तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरविला, आणि तिने सन्मार्ग सोडू नये, जगलीच तर अब्रूने जगावे व आयुष्यभर देवाची सेवा करावी एवढे सांगितले. मुलीचे रूप त्यांनी बोटांनी पाहून घेतले.

जलसमाधी झाली नाही, आणि ती कशी टळली हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रमाबाईंचे बंधू श्रीनिवासशास्त्री पुढे झाले. जातीचा अभिमान आपण सोडतो, मजुरी करतो, पण वडिलांना असे मरू देत नाही, असे त्यांनी सांगितले. हातांनी काम करण्याचा विचार या घराण्यात पहिल्यांदा बोलला गेला तो इतक्या उशिरा. रानातून बाहेर पडून ते एका खेड्याच्या देवळापर्यंत पोहोचले. परंतु शास्त्रीबुवांच्या देहात काही उरले नव्हते. थोड्याच दिवसांत ते वारले. पाठोपाठ आईही गेली. तिच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना म्हणून रमाबाईंनी स्वतः खांद्याची जागा घेतली, आणि उंची कमी पडल्याने तो भार डोक्यावर वाहिला. पुढे मोठी बहीणही पटकीने दगावली.

यापुढची काही वर्षे आपल्या परिचयाची आहेत, म्हणून झपाट्याने सांगतो. बहीणभाऊ पायी हिंदुस्थान फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमेचा जन्म झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ मध्ये लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असता त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

परंतु इंग्लंडला जाण्यातील त्यांचा एक हेतू सिद्धीस गेला नाही, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. रमाबाईंना वैद्यकीचे शिक्षण घ्यावयाचे होते. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी हे त्यांनी हंटर कमिशनपुढेही सांगितले होते. तेथे गेल्यावर असे आढळले की त्यांचे कान या विद्येला साथ देणार नाहीत. ऐकू कमी येत होते, आणि हा दोष पुढे वाढतच जाणार होता. जिची सारी विद्या कानांच्या वाटेने आली त्या बाईचे कानच अधू व्हावेत, आणि ज्या कामासाठी समुद्र ओलांडला त्याचेच दार बंद व्हावे! त्या वेळी रमाबाई जेमतेम पंचविशीच्या होत्या. एका इंद्रियाच्या उणिवेमुळे माणसाच्या आयुष्याची आखणी कशी मोडते, हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून शिकावे लागले नाही.

त्या खचून बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या व तेथे त्यांनी संस्कृत शिकविले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लहान मुलांच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. फ्रोबेलच्या या पद्धतीत मूल लाकडी ठोकळे, चेंडू, माती, दोरा हाताळून शिकते. पुस्तकाच्या आधी हात येतो. ज्या घरात पोथी होती पण हाताला काम नव्हते, त्या घरातून आलेल्या रमाबाईंना हा विचार किती मोलाचा वाटला असेल हे सांगावयास नको. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले, आणि नंतर केडगावला जमीन घेतली गेली.

मग पुन्हा दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, आणि १८९९-१९०० मध्ये गुजरात, काठेवाड, राजपुतान्यात. रमाबाईंना दुष्काळ म्हणजे काय ते ठाऊक होते. त्या स्वतः गेल्या, माणसे पाठविली, आणि मुली-बायका केडगावला आणल्या. पहिल्या खेपेस तीनशेच्या आसपास. दुसऱ्या दुष्काळानंतर मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या गर्दीत अंध मुली होत्या, आणि त्या तशा का होत्या याचा उलगडा आज वैद्यकशास्त्राने केला आहे. उपासमारीत अ जीवनसत्त्व मिळेनासे झाले की प्रथम रातांधळेपणा येतो. मग डोळ्याचे पाणी आटते, बुबुळ मऊ पडते आणि काही दिवसांतच फुटून जाते. त्यातच गोवर किंवा हगवण झाली तर हे फार झपाट्याने घडते. देवीच्या साथींनी आणि खुपऱ्यांनीही त्या काळी असंख्य डोळे घेतले. देवीचा रोग आपल्या देशातून १९७५ नंतर नाहीसा झाला, आणि बाळांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. तेव्हा यातले काहीच नव्हते. दुष्काळातून वाचलेली मुलगी पुष्कळदा डोळे देऊन जीव वाचवीत असे. अशा मुलीला लग्नाच्या बाजारात किंमत नव्हती, घरात काम नव्हते, म्हणून तिच्यापुढे देवळाची पायरीच उरे.

रमाबाईंनी या मुलींच्या घराला बार्तीमी सदन असे नाव दिले. हे नाव त्यांनी यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या बार्तीमयावरून घेतले. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील ती कथा आपण वाचलेली आहेच, पण ती पुन्हा वाचून पाहा. लोक त्याला गप्प बसवीत होते. तो ओरडत राहिला, बोलावणे येताच वस्त्र टाकून उठला, आणि प्रभू येशूने प्रथम त्याला प्रश्न केला की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. आंधळा मनुष्य समोर उभा असता हे विचारण्याची गरज ती काय, असे आपल्याला वाटते. परंतु जे आज अंधांच्या पुनर्वसनाचे काम व्यवसाय म्हणून करतात त्यांच्या कामाचा आरंभ नेमका याच प्रश्नापासून होतो. समोरच्या माणसाला काय हवे आहे? वाचावयाचे आहे, स्वयंपाक करावयाचा आहे, एकट्याने विहिरीपर्यंत जावयाचे आहे, की चार पैसे कमवायचे आहेत? भिक्षा घालणारा हा प्रश्न विचारीत नाही. तो उत्तर गृहीत धरून नाणे टाकतो आणि पुढे जातो.

अंधांना शिकविता येते, ही कल्पनाच त्या काळी आपल्याकडे नवी होती. तिची पावले शोधू गेल्यास आपण पुन्हा काशीत येऊन पोहोचतो. १८२६ च्या सुमारास राजा कालीशंकर घोषाल यांनी काशीत अंध व निराधार लोकांसाठी एक आश्रयगृह उभारले. त्याच नगरात सिगरा येथे चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड लॉयपोल्ट व त्यांच्या पत्नी जेन हे दांपत्य कित्येक वर्षे काम करीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेनबाईंनी अंध विद्यार्थ्यांना मून लिपीची उठावाची पुस्तके वाचावयास शिकविले. ही लिपी इंग्लंडमधील विल्यम मून या स्वतः अंध झालेल्या गृहस्थाने १८४५ मध्ये रोमन अक्षरे सोपी करून तयार केली होती. ज्या नगरात अंधाला पायरीवर जागा होती त्याच नगरात त्याच्या बोटांखाली प्रथम पुस्तक ठेवले गेले, ही गोष्ट काशीच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. पुढे १८८७ मध्ये मिस ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधांची शाळा काढली, आणि १९०० मध्ये, त्याच मोठ्या दुष्काळानंतर, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी मुंबईत. आज दादरला असलेल्या अंधशाळेचे मूळ ते.

मुक्तीत हे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले. अमेरिकेतील शिक्षण आटोपते घेऊन त्या १९०० मध्ये दुष्काळाच्या धामधुमीत परतल्या आणि आईचा उजवा हात बनल्या. ब्रेल लिपी त्यांनी स्वतः आत्मसात केली आणि अंध मुलींना शिकविली. डोळस बाईने ब्रेल शिकावयाची म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. फ्रान्सच्या लुई ब्रेलने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या लिपीत सहा टिंबांची एक चौकट असते. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या ओळी. त्यातील कोणती टिंबे उठविली यावरून अक्षर ठरते, आणि अशा त्रेसष्ट जुळण्या होतात. लिहिताना जाड कागद खाचांच्या पाटीत अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे टिंबे पाडीत जावयाचे. मग कागद उलटला की दुसऱ्या बाजूस टिंबे उठलेली असतात, आणि ती डावीकडून उजवीकडे बोटाने वाचावयाची. म्हणजे लिहिणाऱ्याने प्रत्येक अक्षर आरशातल्याप्रमाणे उलटे मनात धरावयाचे. शिवाय त्या काळी देशी भाषांसाठी सर्वमान्य अशी एक ब्रेल नव्हती. ज्याने त्याने आपापली जुळणी बसवावी असा प्रकार होता. सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये.

शिकणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिले तर काम आणखी कठीण. कोदाळी, जाते, दोर यांनी घट्टे पडलेली बोटे. त्या बोटांना कागदावरचे मोहरीएवढे उंचवटे निराळे निराळे ओळखावयास शिकवावयाचे. यात आठवडे जातात, कधी महिने. दोन हजार माणसांच्या जेवणाखाण्याची चिंता डोक्यावर असताना, पटकी आणि तापाच्या साथी आवारात असताना, एका मुलीच्या तर्जनीसाठी इतका वेळ देणे कोणाही व्यवहारी माणसाला वेडेपणाच वाटला असता. रमाबाईंनी आणि त्यांच्या मुलीने तो वेळ दिला.

तथापि केवळ वाचन हे बार्तीमी सदनाचे सर्वस्व नव्हते. मुक्तीचा नियमच असा होता की येथे प्रत्येकीने शिकावे आणि प्रत्येकीने काम करावे. विणकाम, शेती, दुग्धालय, तेलघाणा, छापखाना, स्वयंपाकघर अशी कामांची वाटणी होती. अंध स्त्रियाही या नियमाबाहेर ठेवल्या गेल्या नाहीत. टोपल्या विणण्यासारखी हातकामे त्या शिकल्या, आणि पुढे त्यांच्यापैकीच काही जणी इतर अंध मुलींच्या शिक्षिका झाल्या. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आश्रयगृहे पूर्वीही होती, आणि पोट भरण्याची सोय करणारे दाते कधीच कमी नव्हते. अंध स्त्रीला दुसऱ्याला काही देता यावे अशी जागा मात्र फारच थोड्या ठिकाणी होती. तिरुपतीच्या रानात आंधळ्या शास्त्रीबुवांजवळ अठरा पुराणांचे ज्ञान होते, आणि तरी दुष्काळात त्यांच्या ज्ञानाचा कोणाला उपयोग राहिला नव्हता. त्यांच्या मुलीने केडगावला जी व्यवस्था उभारली तीत तशी वेळ कोणा अंध व्यक्तीवर येऊ नये, एवढी दक्षता स्पष्ट दिसते.

या व्यवस्थेला मर्यादाही होत्या. अंधाला एकट्याने रस्त्यावर वावरता यावे म्हणून लांब पांढऱ्या काठीचे जे तंत्र आज शिकवितात ते दुसऱ्या महायुद्धातील अंध सैनिकांच्या निमित्ताने बसविले गेले. रमाबाईंच्या काळी दुसरीचा हात धरूनच चालावयाचे होते. थोडीफार दृष्टी शिल्लक असलेल्यांसाठी भिंगे, ठळक रंग, मोठी अक्षरे यांचा विचारही तेव्हा झालेला नव्हता. आणि सदनाच्या कुंपणाबाहेर, गावात, नोकरीत, संसारात या स्त्रियांना जागा मिळावी हा प्रश्न तर समाजाने तेव्हा हाती घेतलाच नव्हता. देहरादूनची राष्ट्रीय संस्था, मुंबईची राष्ट्रीय अंध संघटना, २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा हे सारे पुष्कळ नंतरचे. आपण ख्रिस्ती लोक मात्र अजून कधी कधी नाताळात अंधशाळेत फळे वाटून समाधान मानतो, आणि आपल्याच मंडळीतील अंध तरुणाला वादकाच्या पेटीपलीकडे काही काम सुचवीत नाही. बार्तीमी सदन शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच्या पुढे गेले होते.

उत्तरायुष्यात रमाबाईंना ऐकू येणे फारच कमी झाले. पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यासाठी त्या इब्री व ग्रीक शिकल्या, आणि ते छापण्याचे कामही मुक्तीतील स्त्रियांनीच केले. मनोरमाबाई हे सर्व कार्य पुढे चालवतील अशी आईची आशा होती. दौंडच्या पुढे थेट निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यालाही त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम उभे केले होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई प्रभूकडे गेल्या. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविणारी ती हिंदुस्थानातील पहिल्या काही स्त्रियांपैकी एक, हे त्यांच्याबद्दल क्वचितच सांगितले जाते. आई मागे राहिली, भाषांतराची मुद्रिते तपासीत. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने निघालात तर केडगाव स्टेशन लागते. मुक्ती मिशन तेथे आजही चालू आहे, आणि तेथे राहणाऱ्या स्त्रियांत अंध स्त्रियाही आहेत.